उंचीच्या गोळ्या

१२ जानेवारी

वहिनी,

फोनवर तू रडायला लागतेस, मग मी ओरडायला लागते, आणि शेवटी दोघी 'आवाज येत नाहीये' म्हणून फोन ठेवून देतो. म्हणून हा कागद. यावर तुला हवं तितकं रड, मला ऐकू येणार नाही.

आधी चांगलं सांगते, नाहीतर पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागेल. तुझी लेक, आपली खारू, ठणठणीत आहे. खाते, भांडते, माझी कात्री पळवते. मागच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, रक्तात विषाणू सापडतच नाही इतका कमी झालाय. वर्गात मुलींच्या रांगेत ती सगळ्यांत शेवटी उभी राहते, कारण सगळ्यांत उंच तीच. आणि नेमकं तिथेच घोड्यानं पेंड खाल्ली.

या महिन्यात तिच्या गोळ्यांची बाटली वेळेआधी रिकामी झाली. तू म्हणशील, त्यात काय एवढं. अगं, आरोग्य केंद्रावर उरलेल्या गोळ्या परत घेऊन येणारे ढीगभर असतात. कुणी विसरतं, कुणी कंटाळतं. गोळ्या कमी पडल्या म्हणून हात पसरणारी मी पहिलीच. तिथली समुपदेशक, जिला खारू गप्पामॅडम म्हणते कारण दिवसभर लोकांशी बोलत बसणं हेच तिचं काम, तिनं दार लावून घेतलं आणि हळूच विचारलं, "घरात आणखी कुणाला लागण आहे का? मोकळेपणानं सांगा, आम्ही कुणाला बोलत नाही." म्हणजे मी भाचीच्या गोळ्या चोरून खाते असं तिला वाटलं. मला इतका राग आला की तिथल्या तिथे बाही वर करून म्हटलं, घ्या रक्त.

घरी येऊन खारूला समोर बसवलं. फार ताणावं लागलं नाही. तिनं सरळ सांगितलं, "मी लवंगीला देते."

लवंगी म्हणजे तिची बाकावरची मैत्रीण, बेकरीवालीची मुलगी. चणीनं एवढीशी आहे, आणि मुलं तिला रोज चिडवतात. आपण खारूला काय सांगून ठेवलंय? उंच व्हायच्या गोळ्या. ही कल्पना तुझी, आठवतंय ना? लहानपणी ती गोळी गालात दाबून ठेवायची आणि माझ्या शिलाई मशीनमागे थुंकायची, तेव्हा तू ही थाप मारलीस आणि ती लागूही पडली. गोळ्या घेतल्या, पोरगी ताडमाड वाढली. आता तिच्या मैत्रिणीला वाढायचंय, तर तिनं देऊ नयेत का? आठवडाभर रोज डबा खाऊन झाला की एक. वर मला सांगते, "आत्या, मी तिचे गाल पण तपासायचे. दोन्ही बाजूंनी. तू माझे बघतेस तसे."

मला हसावं की कपाळ बडवावं कळेना. दोन्ही केलं.

डॉक्टर म्हणाले, लवंगीला बहुतेक काही होणार नाही, पण तपासायला हवं, आणि तिच्या आईला खरं सांगायला हवं. म्हणजे उद्या मी त्या बाईसमोर उभी राहून सांगणार, की तुमच्या मुलीनं एचआयव्हीच्या गोळ्या खाल्ल्या. परक्या बाईला कळणार, आणि जिच्या अंगात तो जन्मापासून आहे तिला नाही.

तू परदेशी निघालीस तेव्हा दारात माझा हात धरून म्हणालीस, "हिला कळलं की हे माझ्याकडून आलं, तर मी परत तोंड दाखवणार नाही." मी शब्द दिला होता आणि आजवर पाळलाय. पण वहिनी, ती अकरा वर्षांची झाली. आता हा शब्द तू परत घे. मला लिही की सांग, मी सांगेन. मला एवढंच हवंय.

तुझ्या गोळ्यांचं काय चाललंय तेही लिही. विचारलं की तुझी लाइन नेमकी खराब होते.

तुझी नणंद


२१ जानेवारी

वहिनी,

उत्तर नाही. ठीक आहे, टपालाला वेळ लागतो असं मी स्वतःला सांगितलंय.

बेकरीत गेले. बाई कोपरापर्यंत पिठात होती. म्हटलं, जरा बाहेर येता का. ती म्हणाली, इथेच बोला, भट्टी लागलीय. मग तिथेच बोलले. केंद्राबाहेर तो शब्द मी पहिल्यांदा उच्चारला. वाटलं होतं छत कोसळेल. काही कोसळलं नाही, फक्त तिचे हात कणकेत तसेच राहिले. मग तिनं ते पुसलेही नाहीत, पोरीला शाळेतून उचललं आणि माझ्याबरोबर निघाली. तिच्या स्कूटरवर तिघी, माझ्या पाठीवर लवंगीचं दप्तर आणि पदराला पीठ.

डॉक्टरांनी पोरीला तपासलं. काही झालेलं नाही. बाईनं त्यांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं. एकाच बाटलीनं पाणी पितात. पिऊ द्या. एकमेकींचा डबा खातात. खाऊ द्या. हिची पेन्सिल तिच्या तोंडात असते. ती सवय वाईट आहे, पण या आजाराचा तिच्याशी संबंध नाही. शेवटी बाईचे प्रश्न संपले.  मला उतरवताना फक्त म्हणाली, "मी कुणाला सांगणार नाही. पण मला जरा वेळ द्या."

दुसऱ्या दिवसापासून लवंगी दुसऱ्या बाकावर. खारू घरी आली, बूट न काढता मशीनपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "गोळ्या उंचीच्या नव्हत्या ना?"

म्हटलं, "नव्हत्या."

"मग कशाच्या?"

"ते तुझी आई सांगेल. नाहीतर ती मला म्हणेल, सांग, मग मी सांगेन."

तिनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या भावाची नजर आहे तिची, समोरच्याला आरपार बघणारी. मग म्हणाली, "मग विचार ना आईला. लवकर विचार." आणि स्वतःच जाऊन गोळी घेतली आणि माझ्यासमोर तोंड उघडून उभी राहिली. मी गाल बघितले. काय करणार, सवय.

मला तुझा राग येतोय हे लपवत नाही. पण हेही सांगते, तुझ्या जागी मी असते तर मलाही जमलं नसतं. ती पोटात असताना कुणी तुझं रक्त तपासलं नाही, कुणी तुला काही सांगितलं नाही, आणि माझ्या भावानं तर तोंडाला कुलूपच लावलं होतं. आजार त्यानं तुला दिला. तुझ्याकडून तिला गेला, आणि तू तर जाणून काहीच केलं नाहीस. यात तुझा गुन्हा कुठला ते मला एकदा समजावून सांग.

तुझी नणंद


७ फेब्रुवारी

वहिनी,

मी आता सरकारी कलाकार झालेय. हसू नकोस.

त्या रक्ताच्या प्रकरणानंतर गप्पामॅडमला माझ्याबद्दल ओशाळल्यासारखं झालं असावं, म्हणून तिनं मला काम दिलं. केंद्राची नवी मोहीम आहे. जन्मापासून एचआयव्ही असलेल्या मुलांना त्यांचा आजार कसा सांगायचा, आणि शाळांतल्या बाकीच्यांना त्याची भीती कशी वाटू द्यायची नाही, याचा बाहुल्यांचा खेळ. हातात घालायच्या बाहुल्या शिवायला कुणी हवं होतं. मुलीच्या बाहुलीपासून गोळीच्या बाहुलीपर्यंत सगळं माझ्याकडे आलं. गोळीला पाय लावावेत की नाही यावर बैठकीत तासभर वाद झाला, विश्वास ठेव.

यांची एक पद्धत मला आवडली. कुठलीही बाहुली आधी मुलांना दाखवतात, आणि मुलं पास म्हणतील तरच ती खेळात येते. विषाणूची पहिली बाहुली मी त्यांच्या चित्राबरहुकूम शिवली, काळी कुळकुळीत, लाल डोळे, कॉलरमध्ये घालतात त्या पांढऱ्या बक्रमचे दात. मला फारच अभिमान वाटला होता. केंद्रावर मुलांच्या कोपऱ्यात दाखवली, आणि एका लहानग्यानं काय करावं? स्वतःच्या पोटावर गुद्दे मारायला लागला. त्याला परवाच आईनं सांगितलं होतं की विषाणू तुझ्या आत आहे. आता हे दातवालं आत आहे म्हटल्यावर तो त्याला बाहेर हाकलत होता. गप्पामॅडमनं त्याचे हात धरले, मांडीवर घेतलं. मी माझी बाहुली पिशवीत कोंबली. घरी येऊन सगळे दात उसवले.

खारू त्या दिवशी माझ्याबरोबर होती. रात्री ती म्हणाली, "आत्या, त्याला झोपाळू कर."

"कुणाला?"

"त्या आतल्याला. झोपलेला असला तर कुणी घाबरणार नाही. गोळी आली की डोळे मिटतो. नाही आली की उघडतो."

आता करड्या मऊ फ्लॅनेलचा गोल गरगरीत झोपाळू झालाय. त्याला कापडी पापण्या आहेत, खाली ओढल्या की टिचबटणानं बंद होतात. मुलांनी एका फेरीत पास केला. गुद्देवाल्या छोट्यानं तर त्याच्या अंगावर रुमाल पांघरला.

आणि खारू? टिचबटण उघडत-मिटत बसली होती. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "हा रोज झोपवावा लागतो का? एकदा झोपला की कायमचा नाही झोपत?" मी म्हटलं, रोज. ती म्हणाली, "माझ्या गोळ्यांसारखं." आणि माझ्याकडे न बघता दोऱ्याची रिळं लावायला लागली.

वहिनी, तिला काही माहीत नाही असं समजू नकोस. ती दारापर्यंत आली आहे, आपण आतून कडी लावून बसलोय. आतून तू उघडलीस तर ती तुझ्याकडे येईल. तिनं स्वतः ढकलून उघडलं तर कुणाकडे बघायचं हे तिला कळणार नाही.

तुझी नणंद


१७ फेब्रुवारी

वहिनी,

रविवारी फोनवर तिनं तुला विचारलं, "आई, तू मला काही सांगणार आहेस का?" आणि तू म्हणालीस, नीट जेव, अंगात स्वेटर घाल. मी बाजूलाच होते. स्वेटर घाल!

एवढा मोठा समुद्र ओलांडून गेलीस, दवाखान्याच्या धुलाईघरात सगळ्या जगाच्या चादरी धुतेस, आणि एका पोरीला घाबरतेस. यापुढे मला लिहायचं काही सुचत नाही.

फक्त एक बातमी. काल बेकरीवाली माझ्या शिलाईच्या दुकानात आली. मला वाटलं, आता हिला काय ऐकवायचं राहिलंय. तिनं पिशवीतून लवंगीचा गणवेशाचा झगा काढला आणि म्हणाली, "याची खालची हेम उसवून द्या. आखूड झालाय." मी टेप लावून पाहिला. खरंच पोरगी थोडी वाढलीय. लवंगी आईच्या मागून म्हणते, "बघ, म्हटलं नव्हतं?" बाई आधी गंभीर राहायचा प्रयत्न करत होती, मग तिलाच हसू फुटलं. मला म्हणाली, "रोज विचारते, खारूजवळ कधी बसू. मी काय उत्तर देऊ? डॉक्टरांनी तर मला सगळं समजावलंय. उद्यापासून बसेल."

परकी बाई महिन्याभरात एवढी पुढे आली.

नणंद


४ मार्च

माझी वहिनी,

तुझं पत्र आलं. पाकीट जाड नव्हतं म्हणून उघडायला घाबरले. तू लिहिलंस, "सांग. पण माझं नाव आधी घे. तिला दुसरं काही कळायच्या आधी हे कळू दे की माझ्याकडून आलं. आणि ती काय म्हणाली ते जसंच्या तसं लिही, साखर घालू नकोस."

घालत नाही. ऐक.

त्याच संध्याकाळी सांगितलं. गप्पामॅडमनं मला आधीच शिकवून ठेवलं होतं, की घाई करायची नाही, ती विचारेल तेवढ्याचंच उत्तर द्यायचं, आणि रडू आलं तर रडायचं. दुकानाचं शटर अर्धं ओढलं. ती कापडाच्या ढिगावर बसली होती. मी म्हटलं, "आईचं पत्र आलंय. ती म्हणते, तुझ्या अंगात एचआयव्हीचा विषाणू आहे, जन्मापासून. तो तुला तिच्याकडून आला. तिला तेव्हा माहीत नव्हतं."

 तिनं विचारलं, "झोपाळू?"

"झोपाळू."

"मी मरणार?"

"म्हातारी होऊन मरशील, माझ्यासारखी कटकटी होऊन. गोळ्या रोज घेतल्यास तर यानं नाही."

"बाबा?"

मी खरं सांगितलं. त्यानं गोळ्या घेतल्या नाहीत, कुणी बघेल म्हणून.  ती उठली आणि मला पाणी आणून दिलं.

मग मात्र चिडली, आणि चांगलीच चिडली. आजारावर नाही, आपल्या दोघींवर. "तुम्ही मला खोटं सांगितलं म्हणून मी लवंगीला खोटं सांगितलं. तिला मी रोज सांगायचे, थांब, आता वाढशील." मी म्हटलं, चुकलं आमचं.  गोळीची वेळ झाली तेव्हा तिनं गोळी घेतली, आणि मी सवयीनं जवळ गेले, तर म्हणाली, "आता नको बघू. आता मला माहीत आहे कशासाठी ते." मी मागे सरले. तिथे मला रडू आलं, आधी नव्हतं आलं.

तू ज्याची इतकी वर्षं धास्ती घेतलीस, तो प्रश्न तिनं विचारलाच नाही. मी वाट बघत होते, की म्हणेल, आईनं मला असं का केलं. झोपायला गेल्यावर अंधारातून आवाज आला. मला वाटलं, आला आता. ती म्हणाली, "आत्या, आईचे गाल कोण तपासतं?"

मी म्हटलं, काय?

"आईच्या आत पण आहे ना. मग ती पण गोळी घेत असेल. तिथे तिचे गाल कोण बघतं?"

वहिनी, मला उत्तर देता आलं नाही. कारण तूच पत्राच्या शेवटी लिहिलंयस, की एका खोलीत चौघी राहता, गोळ्या पावडरच्या डब्यात लपवून ठेवतेस, आणि खोली रिकामी मिळाली नाही की त्या दिवशी राहून जाते. माझा भाऊ असाच 'राहून गेला, राहून गेला' म्हणत गेला. गोळ्या राहून जातात हे तुझ्या लेकीला मी सांगितलं नाही. ते तू सांग. यापुढे मी तुझ्या वतीनं बोलणार नाही, मला माझे झगे शिवायचे आहेत.

तुझी


१९ मार्च

वहिनी,

सोबत पार्सल आहे. फोडण्याआधी हे वाच.

परवा शाळेत खेळ झाला. झोपाळू पडद्यामागून खारूनं नाचवला. शाळेत तिच्याबद्दल लवंगीशिवाय कुणालाच माहीत नाही, आणि कुणाला कधी सांगायचं हे तिचं ती ठरवणार, तसं तिनं मला बजावलंय. लवंगी गोळी झाली होती, पाय असलेली. तिनं झोपाळूच्या पापण्या इतक्या जोरात ओढल्या की एक टिचबटण तुटून पहिल्या रांगेत उडालं. मुलं खो खो हसली. एका पोरानं ते शोधून आणून दिलं आणि विचारलं, "हा झोपला असेल तर मी त्या बाहुलीतल्या मुलीबरोबर खेळलो तर चालेल?" गप्पामॅडम म्हणाली, "जागा असला तरी चालेल." बेकरीवाली शेवटच्या रांगेत पावाची टोपली घेऊन उभी होती. टाळ्या तिनंच सुरू केल्या.

पार्सलमधली बाहुली खारूनं शिवलीय. मी हात लावलेला नाही, ते वाकडी टीप बघूनच कळेल. खालचा कागदही तिचा. मी वाचलेला नाही. बरं, वाचलाय.

तुझी नणंद

*

आई,

हा तुझा झोपाळू. याला टिचबटण नाही लावलं, पापण्या दोऱ्यानं शिवून टाकल्या, म्हणजे चुकून उघडणार नाहीत. तरी गोळी रोज घ्यायची. आत्या म्हणते खरा असा शिवता येत नाही.

मी तुझ्यावर रागावले होते. उंचीच्या गोळ्यांसाठी. त्या दुसऱ्या गोष्टीसाठी नाही.

खोलीतल्या मावशींनी विचारलं की ही बाहुली कशाची, तर सांग माझ्या मुलीनं केली. पुढचं सांगायचं की नाही ते तू ठरव. मी लवंगीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मग तू अजून उंच होणार का? बस, एवढंच म्हणाली.

मी डॉक्टरांना विचारलं. माझी गोळी थोडी उशिरा घेतली तर चालते, पण मग रोज त्याच वेळेला. तुझं काम सुटतं तेव्हा माझी झोपायची वेळ असते, म्हणून मी तीच वेळ ठरवली. तेव्हा मला फोन कर. नुसता आवाजाचा नको, तोंड दिसेल असा कर. रडलीस तरी चालेल, मला दिसू दे. पाण्याचा पेला घेऊन बस. मी पण घेऊन बसते. एक दोन तीन म्हणू आणि घेऊ.

मग तोंड उघड. आ कर. मोठा. मी दोन्ही गाल बघणार आहे.

खारू